पोरांचा संघ गोथिया कपला न्यायचा तर : आधीच्या ऑगस्टपासून जुलैपर्यंतची तयारी

जुलैच्या मध्याला गोथेनबर्गमधल्या शाळांना सुट्टी असते, तरी वर्ग भरलेले असतात. बाकं भिंतीला सरकवलेली, जमिनीवर ओळीनं हवेच्या गाद्या, खिडकीला वाळत घातलेले मोजे. एका वर्गात आपली पोरं, शेजारच्या वर्गात दुसऱ्याच खंडातली. सकाळी तोंड धुवायच्या रांगेत ती एकमेकांकडे बघतात, दुसऱ्या दिवशी हसतात आणि तिसऱ्या दिवशी कॉरिडॉरमध्ये कागदाच्या गोळ्यानं एकत्र खेळायला लागतात. स्वीडनच्या या शहरात १९७५ पासून मुलामुलींची ही फुटबॉल स्पर्धा भरते आणि सबंध आठवडा ट्रामपासून आइस्क्रीमच्या दुकानापर्यंत शहरभर जर्सी घातलेली पोरं दिसतात.

मी कोल्हापुरात पोरांना फुटबॉल शिकवतो. संघ घेऊन दोनदा तिकडे गेलो आहे. इथल्या पेठांमध्ये पोर चालायला लागलं की त्याच्या पायात चेंडू येतो, पण चेंडू आणि विमान यांच्या मधे कागदांचा केवढा डोंगर आहे हे पहिल्या वेळी मला ठाऊक नव्हतं. पहिल्या वेळच्या एका चुकीचं मला अजून वाईट वाटतं, ती पुढे सांगतोच. दर वर्षी निरनिराळ्या गावांतले प्रशिक्षक आणि पालक फोन करून विचारतात, म्हणून सगळं एकदा क्रमवार लिहून ठेवतो आहे.

स्पर्धा नीट ओळखून घ्या

गोथिया कपचं यजमानपद गोथेनबर्गच्या बीके हेकेन या क्लबकडे आहे. पहिल्या वर्षी पाच देशांतले २७५ संघ होते. आता दर वर्षी दीड हजारांहून जास्त संघ येतात आणि देशांची संख्या सत्तर-ऐंशीच्या घरात असते. करोनामुळे २०२० आणि २०२१ साली स्पर्धा झाली नाही. इटलीचा आंद्रेआ पिर्लो आणि स्पेनचा झाबी अलोन्सो हे नामवंत खेळाडू लहानपणी इथे खेळून गेले आहेत. आपल्याला जवळचं उदाहरण पंजाबच्या मिनर्व्हा अकादमीचं. त्यांच्या पोरांनी २०२३ साली आपल्या वयोगटाचा चषक जिंकला आणि २०२५ मध्ये पुन्हा जिंकला. त्याच उन्हाळ्यात त्यांनी डेन्मार्कचा डाना कप आणि नॉर्वेचा नॉर्वे कपही आणला. उत्तर युरोपातल्या या तीन स्पर्धा जुलै ते ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत लागोपाठ होतात. पहिल्या खेपेला एकच करा.

इथे क्लब, अकादमी आणि शाळा आपापले संघ आणतात. म्हणजे तुमचा संघ तुमच्या तालमीचा किंवा शाळेचा असतो, तो भारताचा राष्ट्रीय संघ नसतो. हे पालकांना पहिल्याच बैठकीत सांगा. ‘तुमच्या मुलाची भारताच्या संघात निवड झाली आहे, अमुक रक्कम भरा’ असा निरोप घेऊन फिरणारी माणसं गावोगाव आहेत. निवड चाचणीत चेंडूला पाय लावलेल्या प्रत्येकाची निवड होते आणि पैसे एखाद्या व्यक्तीच्या खात्यात मागितले जातात. अशा वेळी स्पर्धेच्या अधिकृत संकेतस्थळावर त्या संघाची नोंदणी आहे का, हे स्वतः पाहा आणि जिल्हा संघटनेला विचारा. पेठेतल्या एका आईनं मंगळसूत्र मोडून भरलेले पैसे असेच गेले, तेव्हापासून मी हे प्रत्येकाला सांगतो.

ऑगस्ट : किती पोरं न्यायची, कोणती न्यायची

आता ती चूक. पहिल्या वेळी मी वीस पोरं नेली. जास्त पोरं म्हणजे माणशी खर्च कमी, असा माझा हिशेब होता. त्यातली तीन पोरं सबंध आठवड्यात मिळून जेमतेम वीस मिनिटं खेळली. एकाच्या वडिलांनी रिक्षा गहाण ठेवून पैसे उभे केले होते. परतीच्या विमानात ते पोर माझ्या शेजारी बसलं होतं. ‘सर, आई विचारेल किती गोल मारले, काय सांगू?’ असं त्यानं विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्यानंतर मी आधी मिनिटं मोजतो आणि मग पोरं निवडतो. समजा तुमच्या गटात अकरा जणांचा संघ आहे आणि सामना चाळीस मिनिटांचा आहे. एका सामन्यात वाटायला ४४० मिनिटं मिळतात. गटात साधारण चार संघ असतात, म्हणजे तीन सामने आणि नंतर बाद फेरीचा निदान एक. चार सामन्यांची १,७६० मिनिटं झाली. सोळा पोरांत वाटली तर प्रत्येकाला ११० येतात, वीस पोरांत ८८. आणि ही सगळी सारखी वाटली तर. प्रत्यक्षात चुरशीच्या सामन्यात हात आखडतो आणि शेवटच्या चौघांचा वाटा पहिल्या अकरांकडे जातो. म्हणून मी सोळाच नेतो, त्यात दोन गोलरक्षक. मुलांच्या सामन्यांत बदली खेळाडू मोकळेपणानं आत-बाहेर करता येतात, तेव्हा न खेळवायला सबब उरत नाही. लहान वयोगटांत संघही छोटा आणि मैदानही छोटं असतं. तिथे हाच हिशेब आपल्या गटाच्या नियमावलीतले आकडे घालून करा आणि पोरं त्याहून कमी न्या.

वयोगट जन्मवर्षावर ठरतो आणि १ जानेवारी ही सीमा असते. २०२६ च्या स्पर्धेत चौदा वर्षांच्या गटात १ जानेवारी २०१२ किंवा त्यानंतर जन्मलेली पोरं खेळतात. वय चोरायचा विचारही करू नका. पासपोर्टवरची तारीख तिथे तपासली जाते, आणि पकडलं गेलं नाही तरी एक पोर खोटं वय पाठ करून आठवडाभर जगतं. ते त्याच्या वाट्याला कशाला?

निवडताना पायातलं कौशल्य बघाच, पण पोर घराबाहेर झोपू शकतं का, आजारी वाटलं तर सांगतं का, हरल्यावर दुसऱ्यावर चिडतं का, हेही बघा. आम्ही निवडीच्या आधी पन्हाळ्यावर दोन रात्रींचा मुक्काम करतो. दोन तासांच्या चाचणीत दिसत नाही ते तिथे दिसतं.

मुलींचा संघ असेल तर सोबत निदान एक महिला व्यवस्थापक हवीच, दोन असल्या तर उत्तम. कोणताही मोठा माणूस कोणत्याही मुलासोबत खोलीत एकटा राहणार नाही, हा नियम मुलांच्या संघालाही लावा. तो लिहून काढा आणि सोबत येणाऱ्या प्रत्येकाची त्याखाली सही घ्या. सोळा पोरांमागे चार मोठी माणसं लागतात : प्रशिक्षक, व्यवस्थापक, प्रथमोपचार येणारं एक जण, आणि एक असं माणूस ज्याच्या कुशीत पोर रडू शकेल.

सप्टेंबर ते नोव्हेंबर : दाखले आणि पासपोर्ट

सगळ्यात जास्त दौरे इथे अडतात. झारखंडमध्ये रांचीजवळच्या खेड्यांत मुलींना फुटबॉल शिकवणारी ‘युवा’ नावाची संस्था आहे. २०१३ साली तिथल्या मुली स्पेनला जाऊन खेळल्या आणि गस्तेइस चषकात तिसऱ्या आल्या. त्या मुलींना मैदानाइतकीच झुंज जन्मदाखल्यांसाठी द्यावी लागली होती. आपल्याकडेही ऊसतोडीला गेलेल्या, माहेरी बाळंत झालेल्या, गाव बदललेल्या घरांतल्या पोरांचे कागद विस्कटलेले असतात. खेळात पुढे असणारं पोर पुष्कळदा अशाच घरातलं असतं.

प्रत्येक पोराची एक फाइल करा आणि पहिल्या आठवड्यातच तीन गोष्टी ताडून बघा.

पहिली, जन्मदाखल्यावर पोराचं नाव आहे का. बऱ्याच दाखल्यांवर फक्त आईवडिलांची नावं असतात आणि बाळाच्या नावाची जागा कोरी असते. जिथे जन्माची नोंद झाली त्या ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत अर्ज करून नाव घालता येतं. त्याला जन्मनोंदणीपासून पंधरा वर्षांची मुदत असते. चौदा वर्षांचं पोर नेत असाल तर ही मुदत दाराशी आली आहे हे लक्षात घ्या. जन्माची नोंदच झाली नसेल आणि वर्ष उलटून गेलं असेल, तर दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. त्यात महिने जातात.

दुसरी, स्पेलिंग. वडिलांचं नाव संदीप. एका कागदावर त्यातल्या ‘दी’ला आय आहे, दुसऱ्यावर दोन ई. आडनावाच्या शेवटी कुठे ए आहे, कुठे नाही. मराठीत एकच असलेलं नाव इंग्रजी कागदांवर दोन माणसांचं दिसतं. जन्मदाखला, आधार, शाळेचा दाखला आणि आईवडिलांचे कागद समोरासमोर ठेवून एकेक अक्षर जुळवा. आधारमधली दुरुस्ती तुलनेनं लवकर होते, म्हणून जन्मदाखला प्रमाण धरून बाकीचे त्याच्याशी जुळवून घ्या.

तिसरी, आईवडील दोघांच्या सह्या मिळतील का. अल्पवयीन मुलाच्या पासपोर्टला दोघांचं संमतीचं घोषणापत्र लागतं, त्याला ‘परिशिष्ट ड’ (Annexure D) म्हणतात. एकाचीच संमती मिळत असेल तर ‘परिशिष्ट क’ (Annexure C) भरावं लागतं. विभक्त घरातल्या पोराची ही चौकशी चारचौघांत करू नका. त्याच्या घरी जा.

अल्पवयीनांच्या साध्या पासपोर्टचं शुल्क १,००० रुपये आहे आणि तो पाच वर्षं किंवा पोराला अठरा पूर्ण होईपर्यंत, यातलं जे आधी येईल तोवर चालतो. ‘तत्काळ’ला वर २,००० रुपये पडतात, पण नोव्हेंबरपर्यंत अर्ज गेले तर त्याची गरज पडत नाही. कोल्हापूरकरांना पुण्याला जावं लागत नाही, पोस्टातल्या पासपोर्ट सेवा केंद्रात काम होतं. तुमच्या जिल्ह्यातलं केंद्र कुठे आहे ते बघा आणि पाच-सहा कुटुंबांच्या वेळा एकाच दिवशी लागून घ्या. पालकांचा रोज बुडतो, म्हणून तालमीतला एखादा लिहिता-वाचता मुलगा दिवसभर सोबत ठेवा. अर्धे हेलपाटे तिथेच वाचतात.

परवानगी आणि नोंदणी

परदेशातल्या स्पर्धेत खेळायला महासंघाची परवानगी घ्यायची असते. आमचा अर्ज जिल्हा संघटनेकडून वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनकडे, म्हणजे ‘विफा’कडे जातो, आणि तिथून अखिल भारतीय फुटबॉल महासंघाकडे. गोव्यातल्या क्लबांनी गोवा फुटबॉल असोसिएशनमार्फत जायचं. अर्जासोबत स्पर्धेची माहिती, खेळाडूंची यादी आणि जन्मतारखा द्या आणि पोच घ्या. खेळाडूंची महासंघाच्या ऑनलाइन प्रणालीत नोंदणी झालेली असेल तर हे सोपं जातं. या पत्राचा व्हिसाच्या वेळीही उपयोग होतो.

स्पर्धेची नोंदणी संकेतस्थळावर होते. खर्चाचे दोन भाग असतात : संघाचं प्रवेशशुल्क आणि माणशी पॅकेज. पॅकेजमध्ये शाळेच्या वर्गात राहणं, जेवण आणि शहरातला ट्राम-बसचा प्रवास येतो. हॉटेलाचाही पर्याय असतो, तरी माझं मत शाळेकडे झुकतं. हॉटेलात पोरं खोल्यांची दारं लावून मोबाइलवर बसतात. शाळेत राहिली तर वर लिहिलेला कागदाचा गोळा खेळायला मिळतो.

पैसा

नेमका आकडा दर वर्षी बदलतो. मी पालकांना माणशी दीड ते दोन लाखांची तयारी ठेवायला सांगतो. त्यातला सगळ्यात मोठा घास विमान तिकिटाचा, कारण जुलै हा युरोपात सुट्टीचा महिना आहे. दहा किंवा जास्त माणसं असतील तर विमान कंपन्या गट आरक्षण देतात. त्यात जागा आधी धरता येतात आणि नावं नंतर देता येतात. व्हिसा हातात नसताना ही सोय फार मोलाची ठरते.

मुंबईहून गोथेनबर्गला थेट विमान नाही, कुठेतरी बदलावं लागतं. दुसरा मार्ग डेन्मार्कमधल्या कोपनहेगनला उतरून रेल्वेनं जाण्याचा. डेन्मार्क आणि स्वीडनला जोडणारा ओरेसुंडचा पूल ओलांडून साधारण साडेतीन तासांत गाडी गोथेनबर्गला पोचते. पोरांना समुद्रावरची ती रेल्वे आयुष्यभर लक्षात राहते.

पैसे संस्थेच्या खात्यात जमा करा. संस्था नोंदणीकृत हवी, आपल्याकडे सोसायटी नोंदणी कायदा १८६० आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा १९५० या दोन्हींखाली. देणगीदाराला आयकर सवलतीची पावती, जिला ‘८०-जी’ची पावती म्हणतात, देता यावी यासाठी ती मान्यता आधी मिळवावी लागते, आणि २,००० रुपयांवरची रोख देणगी त्यात चालत नाही. कंपन्यांकडे जाताना एक बारकावा ध्यानात ठेवा. कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीच्या (सीएसआर) नियमांत भारताबाहेरचा खर्च बसत नाही. राज्याचं किंवा देशाचं प्रतिनिधित्व करणाऱ्या खेळाडूंच्या प्रशिक्षणापुरता अपवाद आहे, पण क्लबचा दौरा त्यात येत नाही. म्हणून कंपनीकडे परदेश दौऱ्यासाठी हा निधी मागू नका. वर्षभराचं प्रशिक्षण, बूट आणि आहार यांसाठी मागा, आणि दौऱ्यासाठी जर्सीवरच्या जाहिरातीचं प्रायोजकत्व मागा. आमच्याकडे गूळ व्यापाऱ्यांनी, एका गणेश मंडळानं आणि जुन्या खेळाडूंनी मिळून सहा पोरांचा पूर्ण खर्च उचलला. कोणत्या पोराचा खर्च कोणी केला हे पोरांना कधीही कळू देऊ नका. आणि वाहन, दागिना किंवा जमीन गहाण टाकून कोणी पैसे आणत असेल तर ते घेऊ नका. त्या घरासाठी दुसरी सोय शोधा, नाही झाली तर दौरा एक वर्ष पुढे ढकला.

फेब्रुवारी ते मे : व्हिसा

स्वीडन शेंगेन देशांपैकी, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांपैकी, एक आहे. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून पंधरा दिवस आधीपर्यंत अर्ज करता येतो. शेवटच्या तारखेकडे बघूही नका. मार्च-एप्रिलमध्ये सगळ्यांचे अर्ज एकत्र जाऊ द्या, कारण मे महिन्यात अर्ज देणाऱ्यांची झुंबड उडते. कोपनहेगनला उतरणार असलात तरी मुख्य मुक्काम स्वीडनमध्ये आहे, त्यामुळे अर्ज स्वीडनकडेच करायचा. तो दूतावासाच्या वतीनं अर्ज घेणाऱ्या व्हीएफएस या कंपनीच्या केंद्रात द्यायचा असतो. बारा वर्षं पूर्ण झालेल्यांचे बोटांचे ठसे घेतात, त्याहून लहानांचे घेत नाहीत.

प्रत्येकाच्या फाइलमध्ये असं असू द्या : परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने चालणारा आणि दोन पानं कोरी असलेला पासपोर्ट, फोटो, जन्मदाखला, आईवडील दोघांचं नोटरी केलेलं संमतीपत्र आणि त्यांच्या ओळखपत्रांच्या प्रती, शाळेचं बोनाफाइड आणि रजेचं पत्र, आयोजकांचं निमंत्रण, महासंघाचं पत्र, जाण्या-येण्याचं आरक्षण, आणि निदान ३०,००० युरोंचं संरक्षण देणारा वैद्यकीय विमा. विम्यात खेळताना झालेली दुखापत धरली आहे का ते मुद्दाम विचारा. काही साध्या प्रवास विम्यांत स्पर्धात्मक खेळ वगळलेला असतो.

शुल्क मोठ्यांना ९० युरो आणि सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना ४५ युरो आहे. पण शेंगेन व्हिसा संहितेत एक तरतूद आहे जी पुष्कळांना माहीत नसते : ना-नफा संस्थांनी भरवलेल्या क्रीडा कार्यक्रमाला ना-नफा संस्थेचे प्रतिनिधी म्हणून जाणाऱ्या पंचवीस वर्षांपर्यंतच्यांना व्हिसाशुल्क माफ असतं. तुमची संस्था नोंदणीकृत असेल तर तिचं प्रमाणपत्र जोडा आणि अर्जासोबतच्या पत्रात ही माफी स्पष्ट शब्दांत मागा. केंद्राचं सेवाशुल्क मात्र भरावं लागतं. सोळा पोरांच्या माफीत किती पैसे वाचतात बघा.

दूतावासाला एकच शंका असते : ही मंडळी परत येतील ना? स्पर्धेच्या नावाखाली युरोपात जाऊन न परतलेल्यांची उदाहरणं आहेत, त्यामुळे तपासणी कडक होते. तुमच्या पत्रातून त्या शंकेचं उत्तर मिळालं पाहिजे. संघ किती वर्षं एकत्र खेळतो, गेल्या दोन वर्षांत कुठल्या स्पर्धा खेळला, पोरं कुठल्या शाळेत आणि इयत्तेत आहेत, खर्च कोण करतं आहे, सोबतची माणसं काय काम करतात, हे दोन पानांत साधेपणानं लिहा. ज्या घरात आयकर विवरणपत्र भरलं जात नाही, तिथे संस्थेचं प्रायोजकपत्र आणि संस्थेच्या खात्याचा उतारा जोडा. गरिबी लपवू नका आणि कोणाच्या खात्यात चार दिवसांपुरते पैसे आणून ठेवू नका, ते लगेच दिसतं.

एखाद्याचा व्हिसा नाकारला गेला तर? हे आधीच ठरवून ठेवा आणि पालकांना लेखी द्या : किती पैसे परत मिळतील, किती नाही.

एप्रिल ते जुलै : सराव, ऊन आणि पाऊस

आमच्याकडे फुटबॉलचा हंगाम हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंतचा. जूनमध्ये पाऊस लागला की मैदानाचा चिखल होतो. नेमका त्यानंतर महिन्याभरात गोथिया कप. जून रिकामा गेला तर पोरांची दमछाक तिथे पहिल्याच सामन्यात दिसते. म्हणून एप्रिल-मेमध्ये सकाळी सहाला सराव सुरू करून ऊन तापायच्या आत संपवा, आणि जूनसाठी कृत्रिम गवताचं मैदान आधीच ठरवून ठेवा. भाड्याच्या छोट्या टर्फवर पाच-पाच जणांत खेळवलं तरी चालेल.

कृत्रिम गवताचं महत्त्व दुसऱ्या कारणासाठीही आहे. गोथेनबर्गमधली बरीचशी मैदानं तशीच आहेत. त्यावर चेंडू लवकर सरकतो, उसळी वेगळी येते आणि नवीन बुटांनी टाचा सोलून निघतात. बूट मेमध्येच घ्या आणि महिनाभर वापरून पायाला बसवा. धातूचे स्टड, म्हणजे बुटाच्या तळाचे खुंट, असलेले बूट नेऊ नका, आखूड रबरी स्टडचे बूट घ्या.

एका दिवसात दोन सामने येऊ शकतात. शेवटच्या तीन आठवड्यांत दर रविवारी सकाळी एक आणि दुपारी एक सामना खेळवा आणि मधे काय खायचं, कसं पडून राहायचं, हे शिकवा. इथेच मिनिटांचा तक्ता वापरायला लागा. कोण कितव्या मिनिटाला आत जाणार हे कागदावर असलं की ऐन चुरशीत प्रशिक्षकाचा हात आखडत नाही. तो तक्ता आमचा व्यवस्थापक सांभाळतो, मी नाही.

आणखी एक. खेळाच्या नियमांनुसार अंगावर कोणताही दागिना चालत नाही, वर पट्टी चिकटवूनही नाही. कानातली बाळी, हातातलं कडं, गळ्यातला ताईत मैदानाबाहेर काढून ठेवावा लागतो. दंडातला गंडा आणि कमरेचा करदोडा यांवरूनही पंचांशी घोळ होऊ शकतो. तिथे ऐनवेळी दोरा कापायची वेळ आली तर पोर बिथरतं. घरच्यांशी आधी बोला. आमच्या एका पोराच्या आजीनं ताईत जर्सीच्या पिशवीत शिवून दिला, प्रश्न मिटला.

पिशवीत काय आणि काय नाही

हवेची गादी, पंप आणि झोपायची पिशवी हवी. तिथे जुलैत रात्री दहाच्या सुमाराला सूर्य मावळतो आणि पहाटे साडेचारला पुन्हा हजर असतो. डोळ्यांवर बांधायला काळं फडकं द्या, नाहीतर पोरं झोपतच नाहीत. उन्हाळा असला तरी हवा आपल्या महाबळेश्वरसारखी, पाऊसही केव्हाही येतो. एक स्वेटर आणि रेनकोट लागतोच.

खाण्याचं नीट ऐका. युरोपीय संघात बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे तूप, पेढे, खवा घरीच ठेवा. ताजी फळं आणि भाज्याही नकोत, कढीपत्त्याची एक काडीसुद्धा नको. शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, चिवडा, खाकरे, भाजके शेंगदाणे आणि गुळाच्या वड्या न्या. शाळेतल्या जेवणात बटाटे, पास्ता, भाकरीसारखा कडक पाव असं असतं, शाकाहारी जेवणही मिळतं, पण नोंदणीतच कळवावं लागतं. पहिले दोन दिवस आमची पोरं अर्धपोटी उठली. मग कोणीतरी पास्त्यावर शेंगदाण्याची चटणी टाकली आणि डबा दोन दिवसांत संपला. दोन डबे न्या. मे महिन्यातच आठवड्यातून एकदा घरी कमी तिखट जेवायची सवय लावली तर आणखी बरं.

औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्या. दम्याचा पंप लागणाऱ्या पोराकडे एक आणि व्यवस्थापकाकडे एक ठेवा. देवाणघेवाणीसाठी छोटे ध्वज, बिल्ले, कोल्हापुरी चपलेच्या कीचेन न्या. सामन्याआधी असं काहीतरी समोरच्याच्या हातात ठेवण्याची तिथे रीत आहे, आणि रिकाम्या हातानं उभं राहिलेलं पोर खट्टू होतं.

तिथला आठवडा

विमानतळावर वेळ राखून ठेवा. ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेन सीमेवर नवी नोंदणी पद्धत सुरू झाली आहे. त्यात पहिल्यांदा येणाऱ्याचा चेहरा टिपतात आणि बारा वर्षं पूर्ण झालेल्यांचे ठसेही घेतात. वीस माणसांना वेळ लागतो, त्यामुळे पुढचं विमान घाईचं नको. सगळ्यांचे पासपोर्ट एका व्यवस्थापकाकडे ठेवा, प्रती दुसऱ्याकडे, आणि प्रत्येक पोराच्या खिशात शाळेचा पत्ता आणि दोन फोन क्रमांक लिहिलेलं कार्ड. आणीबाणीचा क्रमांक ११२. घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं, तेव्हा घरी फोन करायची वेळ संध्याकाळी सहाची ठरवा. त्यानंतर इकडे आया जाग्या राहतात.

नळाचं पाणी पिण्याजोगं आहे, बाटल्या विकत घेऊ नका. दुकानांत रोख पैसे फारसे चालत नाहीत, कार्ड लागतं. ट्राममध्ये एक मोठं माणूस पुढच्या दारात, एक मागच्या दारात, आणि चढल्यावर-उतरल्यावर मोजणी. सामने शहरभर पसरलेले असतात, काही मध्यवर्ती हेडनच्या मैदानांवर तर काही लांब क्विबेरीला. सामन्याच्या आधी तासभर पोचायचं असं धरून चाला, रस्ता चुकायला वेळ ठेवा.

सोमवारी संध्याकाळी उल्लेव्ही स्टेडियममध्ये उद्घाटन असतं. जाण्याआधी पोरांना खाली बसवून त्या जागेची गोष्ट सांगा. हे स्टेडियम १९५८ च्या विश्वचषकासाठी बांधलं. त्याच वर्षी १५ जूनला सोव्हिएत संघाविरुद्ध इथे ब्राझीलकडून सतरा वर्षांचा एक मुलगा विश्वचषकातला आपला पहिला सामना खेळला. तो पेले. हे ऐकून आत गेलेली पोरं आधी गवताकडे बघतात, मग गर्दीकडे.

पहिल्या सामन्यात समोर वीतभर उंच पोरं दिसतील. आमची पोरं रांगेत उभी राहतानाच खचली होती. त्यांना आधीच सांगून ठेवा, चेंडू जमिनीवर ठेवा आणि पटकन पास करा. उंचीचा फायदा हवेत असतो. इंग्रजी येत नाही याचा बाऊ करू नका. पंच शिट्टीनं आणि हातानं बोलतो, आणि ‘सॉरी’, ‘थँक यू’ येत असलं की मैदानावर पुरतं.

गटातले सामने संपले की वरचे दोन संघ ‘अ’ बाद फेरीत जातात आणि खालचे दोन ‘ब’ बाद फेरीत. ‘ब’मध्ये गेल्यावर काही प्रशिक्षकांचा उत्साहच मावळतो, पोरांना ते लगेच कळतं. ‘ब’चाही चषक असतो, त्याचाही अंतिम सामना होतो. दुसऱ्या खेपेला आम्ही ‘ब’मध्ये दोन सामने जिंकलो. पोरं तो आठवडा अजून त्या दोन सामन्यांच्या नावानं ओळखतात.

हरून बाहेर पडलात की आठवडा संपला असं नाही. तो दिवस लिसेबेरी उद्यानात घालवा, पाळण्यांचं हे उद्यान १९२३ पासूनचं आहे. दुसऱ्या दिवशी मोठ्या गटांचे सामने बघायला न्या. शनिवारी अंतिम सामने असतात. ते बघताना प्रत्येक पोराला एका खेळाडूवर लक्ष ठेवायला सांगा. चेंडू पायात नसताना तो काय करतो, एवढंच बघायचं. परतीच्या प्रवासात आम्ही त्यावर बोलत आलो, रात्रभर.

परतल्यावर

हिशेब पंधरा दिवसांत पालकांपुढे मांडा, बिलांसकट. शाळेतला बुडलेला अभ्यास भरून काढायला एखाद्या शिक्षकाला तालमीत बोलवा, आठ दिवस पुरतात. पासपोर्ट पालकांच्या हातात देऊन वहीत सही घ्या. त्याची मुदत अजून साधारण चार वर्षं असते, तो जपून ठेवायला सांगा. हवेच्या गाद्या धुऊन, वाळवून, पंक्चर काढून गुंडाळा. आमच्या तालमीच्या माळ्यावर एका पेटीत त्या ठेवल्या आहेत, पंपासकट, बरोबर सोळा.